वेगवान श्वानाचा शिधा

कुत्र्याची भूक हा इतिहासाचा विषय होऊ शकेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. राजांच्या वंशावळी, लढायांच्या तारखा आणि तहांची कलमे यांनी इतिहासाची पाने भरलेली असतात. त्या पानांच्या समासात एखादा कुत्रा आलाच तर तो धन्याच्या पायाशी बसलेला चित्रातला कुत्रा असतो. तो काय खात असे, किती खात असे आणि त्याच्या खाण्याचा खर्च कोण सोसत असे, हे प्रश्न इतिहासकार क्वचितच विचारतो. पण ज्या राज्यव्यवस्थेने आपल्या पदरच्या मुक्या प्राण्यांचा शिधा कागदावर लिहून ठेवला, तिने त्या एका नोंदीत स्वतःविषयीही पुष्कळ काही लिहून ठेवले आहे.

हा विषय आज आठवण्याचे कारण अगदी घरगुती आहे. दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद या वसाहतींत अलीकडे अधूनमधून एक निराळाच कुत्रा दिसू लागला आहे. लांब पाय, निमुळते तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेले पोट आणि अंगावर मोजता येतील अशा फासळ्या, असे त्याचे रूप. हा ग्रेहाउंड. पंजाब आणि हरियाणाच्या खेड्यांतून शर्यतींसाठी आणि चोरट्या शिकारीसाठी तो पाळला जातो. पाय अधू झाला किंवा वेग मंदावला की त्यांतल्या कित्येकांना रस्त्यावर सोडून देण्यात येते. त्यांतील काही प्राणिप्रेमी मंडळींच्या हाती लागतात आणि दिल्लीतील एखादे कुटुंब त्यांना दत्तक घेते.

अशा घरात पहिल्या आठवड्यात एकच तक्रार ऐकू येते. हा प्राणी सदाच भुकेला कसा? सकाळचे भांडे चाटूनपुसून झाले की तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. त्याची मान इतकी उंच, की ओट्यावरची पोळी त्याला उडी न मारताही सहज उचलता येते. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, याला पोटभर मिळत नाही. दुसरी म्हणतात, हा हावरट आहे. भुकेला की हावरा, हा निवाडा कोणी आणि कशाच्या आधारे करावयाचा? हा वाद दिल्लीच्या परिसराला नवा नाही. किंबहुना आपल्या सर्वांत मोठ्या आख्यानाच्या आरंभीच तो येऊन गेला आहे.

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राची कथा आहे. कुरुक्षेत्रावर राजा आपल्या तीन भावांसह दीर्घ यज्ञ करीत असता तेथे एक कुत्रा आला. भावांनी त्याला मारून हाकलले. तो रडत आपल्या आईकडे, देवांच्या सरमा नावाच्या कुत्रीकडे गेला. तिने विचारले, तू काही अपराध केला असशील. त्याने सांगितले, हविर्द्रव्याकडे मी पाहिलेही नाही, ते चाटले तर नाहीच. तेव्हा सरमा यज्ञमंडपात आली आणि तिने राजाला जाब विचारला. कोणापाशी उत्तर नव्हते. निरपराधाला मारलेत, म्हणून नकळत तुमच्यावर भय येईल, असा शाप देऊन ती गेली. कौरवकुलाच्या राजाला त्या शापाच्या निवारणासाठी पुरोहित शोधीत रानोमाळ हिंडावे लागले. कुत्रा अन्नाजवळ दिसला म्हणजे तो चोरच असला पाहिजे, या समजुतीला आपल्या परंपरेने दिलेले हे उत्तर आहे. ते एका आईच्या तोंडून यावे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

उत्तर हिंदुस्थानातील मोठ्या कुत्र्यांची ख्याती फार प्राचीन काळी देशाबाहेर गेली होती. रामायणात भरत आजोळाहून निघाला तेव्हा केकयराजाने त्याला दिलेल्या भेटींत राजवाड्यात वाढवलेले, वाघासारख्या बळाचे कुत्रे होते. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने तर या कुत्र्यांच्या जेवणाचीच नोंद केली आहे. बाबिलोनच्या इराणी सुभेदाराजवळ हिंदुस्थानी कुत्रे इतके होते, की मैदानातील चार मोठी गावे इतर सर्व करांतून मुक्त करून त्यांच्यावर फक्त या कुत्र्यांना अन्न पुरवण्याचे काम सोपवले होते, असे तो सांगतो. त्या चार गावांतील शेतकऱ्यांना ही सूट वाटली की सजा, हे त्याने लिहिलेले नाही. पण राजाच्या कुत्र्याची भूक शेवटी कोणाच्या तरी शेतात जाऊन पोचते, ही गोष्ट त्या एका वाक्यात कायमची नोंदली गेली आहे.

येथे एक भेद सांगणे अवश्य आहे. प्राचीन ग्रंथांतील हे हिंदुस्थानी कुत्रे थोराड, झुंजार जातीचे असावेत. नजरेने सावज हेरून वाऱ्याच्या वेगाने त्याचा पाठलाग करणारे सडपातळ कुत्रे हा निराळा वर्ग होय. त्यांच्या पाश्चात्त्य शाखेचे पहिले चांगले वर्णन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एरियन या ग्रंथकाराने केले. अलेक्झांडरच्या हिंदुस्थानावरील स्वारीचा वृत्तांत ज्याच्या लेखणीमुळे आपल्याला मिळाला, तोच हा एरियन. शिकारीवरील आपल्या पुस्तकात त्याने हॉर्मे नावाच्या स्वतःच्या कुत्रीबद्दल इतक्या मायेने लिहिले आहे की इतिहासकाराची शिस्त तो क्षणभर विसरला असे वाटावे. तिला काय हवे, ते ती आवाजाच्या निरनिराळ्या सुरांनी सांगत असे. अशा कुत्र्याने माणसाजवळच निजावे, म्हणजे त्याचे दुखणेखुपणे माणसाला कळते, असा त्याचा सल्ला आहे. दिल्लीतील ज्या घरात आज ग्रेहाउंड पलंगाचा अर्धा भाग बळकावून बसतो, त्या घराला अठराशे वर्षांपूर्वीच्या एका रोमन सुभेदाराचा पाठिंबा आहे.

पूर्वेकडे या वर्गातील कुत्र्यांना ताजी हे नाव रूढ झाले. अरबी घोड्यालाही हाच शब्द लावीत. इराण आणि अफगाणिस्तानातून ताजी कुत्रे दिल्लीच्या सुलतानांच्या आणि पुढे मोगलांच्या शिकारखान्यात आले. त्या काळची दिल्ली आजच्याहून फार वेगळी होती. अरवलीचा शेवटचा फाटा म्हणजे दिल्लीची टेकडी. तिच्यावर दाट झाडी असे आणि पलीकडच्या माळांवर काळविटांचे कळप चरत. ज्या पालमच्या मैदानावर आज विमाने उतरतात, ते मोगल बादशहांचे आवडते शिकारीचे रान होते.

चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने या टेकडीवर शिकारीसाठी महाल बांधले. उत्तरेकडील महालापाशी त्याने मेरठहून आणलेला अशोकाचा स्तंभ उभा केला. त्यावरची लिपी वाचणारा त्या वेळी कोणी नव्हता. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा अशोकाच्या स्तंभलेखांत पशुहत्येवर निर्बंध घालणाऱ्या आज्ञा आहेत, हे जगाला कळले. द्विपद, चतुष्पद, पक्षी आणि जलचर यांच्यावर आपण पुष्कळ अनुग्रह केले, असेही तो सम्राट त्या लेखमालेत सांगतो. त्याचा एक स्तंभ शिकारखान्याची शोभा वाढवीत उभा होता आणि त्याच्या सावलीत कुत्र्यांच्या साखळ्या खुळखुळत होत्या. इतिहासाची थट्टा कधी कधी अशी दगडात कोरलेली असते.

शिकारी कुत्र्याच्या शिध्याचा नेमका हिशेब मात्र अकबराच्या काळात सापडतो. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अबुल फजलने सिद्ध केलेली ऐन-ए-अकबरी ही जगातील एक अपूर्व जंत्री आहे. राज्याचा महसूल, टांकसाळ, स्वयंपाकघर, हत्ती, घोडे, उंट या सर्वांचे दर आणि नियम तिच्यात आहेत. शिकारीच्या प्रकरणात चित्त्यांचे आठ वर्ग दिले आहेत. पहिल्या वर्गाच्या चित्त्याला रोज ५ शेर मांस, आणि पुढे थोडेथोडे उतरत आठव्या वर्गाला पावणेतीन शेर. रविवारी पशुवध बंद असे, म्हणून शनिवारी दुप्पट मांस द्यावे, असाही नियम आहे. बादशहाने अहिंसेसाठी पाळलेल्या एका दिवसामुळे पिंजऱ्यातील चित्ता उपाशी राहू नये, एवढी दक्षता त्या कारकुनी नियमात आहे.

मग कुत्र्यांचा उल्लेख येतो. बादशहाला हा प्राणी त्याच्या गुणांमुळे फार प्रिय असून तो सर्व देशांतून कुत्रे मागवतो. काबूलचे, विशेषतः हजारा प्रदेशातील कुत्रे उत्तम असतात. त्यांना अलंकार घालतात आणि नावे ठेवतात, असे अबुल फजल सांगतो. खासा, म्हणजे बादशहाच्या निजी कुत्र्यांना रोज २ शेर मांस मिळे; इतरांना सव्वा शेर. दोन ताजी कुत्र्यांमागे एक माणूस असे आणि त्याचे वेतन महिना १०० दाम होते.

या चार आकड्यांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. अकबराने शेराचे वजन ३० दामांचे ठरवले होते. तांब्याचा दाम सुमारे २१ ग्रॅमचा. म्हणजे शेर साधारण सव्वासहाशे ग्रॅमचा. त्या मापाने खासा कुत्र्याचे रोजचे मांस सव्वा किलो आणि सामान्य कुत्र्याचे सुमारे पावणेआठशे ग्रॅम होते. केवळ मांसावर ठेवलेल्या प्रौढ कुत्र्याला त्याच्या वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास अन्न लागते, असा आजच्या पाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे. ग्रेहाउंडचे वजन सामान्यतः २७ ते ४० किलो असते. तीस किलोच्या कुत्र्याला हा हिशेब लावला तर उत्तर येते साडेसातशे ग्रॅम. चारशे वर्षांपूर्वीचा सव्वा शेर आणि आजचा ठोकताळा यांत मूठभराचेच अंतर आहे. तेव्हाच्या कारकुनाला अन्नशास्त्राची परिभाषा माहीत नव्हती. पण कुत्रा सांभाळणाऱ्या माणसाच्या अनुभवातून तो त्याच जागी येऊन पोचला होता.

दुसरा हिशेब अधिक बोलका आहे. त्याच ग्रंथात बाजारभाव दिले असून बकरीच्या मांसाचा भाव मणाला ५४ दाम आहे. मण चाळीस शेरांचा. दोन सामान्य ताजी कुत्र्यांना मिळून रोज अडीच शेर मांस धरले आणि हाच भाव लावला, तर महिन्याला सुमारे १०१ दाम होतात. आणि त्या दोघांना सांभाळणाऱ्या माणसाचे वेतन १०० दाम! चाळीस दामांचा रुपया, म्हणजे त्याला अडीच रुपये मिळत. जेवढे त्याच्या हातून कुत्र्यांच्या पुढे जाई, तेवढ्याच मोलात त्याने आपले घर चालवावयाचे होते. पहाटे मांस तोडून वाटणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय येत असेल, याची नोंद कोणत्याही ऐनात नाही. आपल्या पोराच्या तोंडी न पडणारा घास तो रोज दुसऱ्याच्या तोंडी घालीत होता, आणि त्याचे कौशल्य असे की त्याच्यावर विश्वासलेला कुत्रा दुसऱ्या कोणाच्या हातून खात नसेल.

राज्याला हा मोह ठाऊक होता. म्हणूनच हत्ती-घोड्यांच्या बाबतीत वेळोवेळी तपासणी होई आणि जनावर रोडावलेले आढळले तर सांभाळणारांच्या वेतनातून दंड कापला जाई. शिधा सरकारातून निघाला, एवढ्याने समाधान न मानता तो जनावराच्या अंगी लागला की नाही, हे पाहण्याची ती रीत होती. आजचा पशुवैद्य कुत्र्याच्या फासळ्यांवरून हात फिरवतो, कंबरेचा खळगा पाहतो आणि एक ते नऊ या श्रेणीत त्याच्या प्रकृतीला अंक देतो. पद्धत नवी असली तरी तत्त्व तेच. भांड्यात किती वाढले, यापेक्षा अंगावर किती दिसते, हे खरे माप होय.

अकबराच्या मुलाच्या काळात हे कौतुक आणखी वाढले. १६१५ ते १६१९ या काळात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारी होता. त्याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने एक मजेदार हकीकत लिहून ठेवली आहे. जहाजातून भेटीदाखल निघालेल्या मॅस्टिफ जातीच्या थोराड कुत्र्यांपैकी दोनच जिवंत पोचले. बादशहाने प्रत्येकामागे चार माणसे नेमली. त्यांतील दोघे कुत्र्याला पालखीतून मिरवीत आणि दोघे बाजूने माश्या वारीत चालत. आपल्या हाताने त्यांना घास भरवता यावा, म्हणून जहांगीराने चांदीचा चिमटा घडवून घेतला होता. अकबराच्या काळी दोन कुत्र्यांमागे एक माणूस होता. आता एका कुत्र्यामागे चार झाले. साम्राज्य कोणत्या वाटेने चालले होते, हे सांगावयास एवढा हिशेबही पुरेसा आहे.

श्वानाला पालखी देण्याची गोष्ट महाराष्ट्रालाही परकी नाही. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले आणि १७०७ पर्यंत औरंगजेबाच्या छावणीत वाढले. साताऱ्याच्या गादीवर आल्यानंतर त्यांचा शिकारीचा षोक प्रसिद्धच होता. त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याने वाघाच्या तावडीतून धन्याला वाचवले आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान व इनाम दिले, असे परंपरा सांगते. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली येथे त्याचे स्मारक आजही दाखवतात. पण महाराष्ट्रातील सामान्य शिकारी कुत्र्याच्या वाट्याला पालखी आली नाही. दख्खनच्या पठारावर धनगर आणि शेतकरी यांच्या वस्त्यांत वाढलेला सडपातळ कारवानी कुत्रा जोंधळ्याच्या भाकरीवर आणि ताकादुधावर जगला. ससा मिळाला तर तो दिवस सणाचा. मुधोळच्या मराठा संस्थानिकांनी, घोरपड्यांनी, या जातीची जोपासना केली. तिला मुधोळ हाउंड हे नाव मिळाले ते त्यावरूनच. २००५ मध्ये भारतीय टपालखात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळचाही समावेश होता.

१८०३ च्या सप्टेंबरात पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव होऊन दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. गोऱ्या साहेबांबरोबर विलायती ग्रेहाउंड उत्तर हिंदुस्थानात आले. रामपूरचे नवाब अहमद अली खान यांनी काटक देशी ताजी आणि चपळ विलायती ग्रेहाउंड यांच्या संकरातून रामपूर हाउंड तयार केला, असे सांगतात. साहेबांच्या बंगल्यात कुत्र्यांसाठी स्वतंत्र नोकर असे, त्याला डोरिया म्हणत. डोरी म्हणजे दोरी, ती हाती धरणारा तो डोरिया. मोगल गेले, कंपनी आली, पण दोरीचे हे टोक धरणारा हात त्याच गरीब माणसाचा राहिला.

विसाव्या शतकात या कुत्र्याच्या नशिबाने वेगळे वळण घेतले. अमेरिकेत यांत्रिक सशामागे कुत्रे पळवण्याची युक्ती निघाली आणि १९२६ च्या जुलैमध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर इंग्लंडमधील तशा शर्यतींना सुरुवात झाली. जो प्राणी राजाच्या शिकारीचा सोबती होता तो पैजेचा आकडा झाला. राजाच्या पदरी कुत्र्याला निदान म्हातारपण असण्याचा संभव होता. शर्यतीच्या कुत्र्याची कारकीर्द चारदोन वर्षांत संपते, आणि आयुष्य मात्र बारा-चौदा वर्षांचे असते. उरलेल्या वर्षांचा शिधा कोणी द्यावयाचा? या प्रश्नाचे उत्तर म्हणून ब्रिटनमध्ये १९७५ साली निवृत्त ग्रेहाउंडांना घरे मिळवून देणारी संस्था स्थापन झाली. पंजाबच्या खेड्यांतील मेळ्यांत आज धावणाऱ्या कुत्र्यांपुढेही तोच प्रश्न उभा आहे.

आपल्या देशात या प्रश्नाला कायद्याचे रूप मिळाले ते दिल्लीतच. १९५२ साली राज्यसभेवर नियुक्त झालेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारे खासगी विधेयक मांडले. नृत्यकलेच्या क्षेत्रातील या विदुषीने संसदेत मुक्या जिवांची बाजू लावून धरली, आणि अखेर शासनाने स्वतःच कायदा आणण्याचे मान्य केले. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा तो हाच. पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हा त्याच्या अकराव्या कलमान्वये गुन्हा ठरला. उपासमार होईल अशा स्थितीत त्याला वाऱ्यावर सोडून देणे हाही गुन्हा ठरला. शिक्षा मात्र पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड, एवढीच लिहिली गेली. १९६० मध्ये पन्नास रुपयांना काही किंमत होती. पुढे रुपया उतरत गेला आणि कायद्यातील आकडा जागच्या जागी राहिला. अकबराच्या काळी रोडावलेल्या हत्तीसाठी होणारा दंड सांभाळणाराच्या वेतनाला झोंबत असे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

उपयोग संपलेल्या प्राण्याच्या शिध्याचा प्रश्न खुद्द शासनाच्या दारातही येऊन उभा राहिला. दिल्लीजवळच्या मेरठ येथे सैन्याच्या पशुवैद्यकीय दलाचे केंद्र आहे. सैन्यातील कुत्रे तेथे शिकून तयार होतात. सेवेस अयोग्य ठरलेल्या कुत्र्यांना वेदनारहित मरण देण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली होती. २०१५ मध्ये तिची सार्वजनिक चर्चा झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत पोचले, आणि निवृत्त श्वानांचा सांभाळ करण्याचे व त्यांना दत्तक देण्याचे धोरण पुढे आले. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, मुधोळ हाउंडची पिले शिक्षणासाठी याच मेरठला आली. अशोकाचा जो स्तंभ फिरोजशहाने उचलून दिल्लीला नेला तो मेरठचाच, हा योगायोग मनाला स्पर्श करून जातो.

या सर्व पार्श्वभूमीवर दिल्लीच्या त्या घरातील भुकेल्या ग्रेहाउंडकडे पुन्हा पाहिले म्हणजे त्याची भूक जरा निराळी दिसू लागते. तिच्यात खरी भूक किती आणि आठवण किती, हे ओळखणे हेच पाळणाऱ्याचे पहिले काम. कित्येक कुत्र्यांच्या कळपात एकाच परातीतून ज्याने हिसकावून खाल्ले, त्याला आपले भांडे आपल्यासाठीच आहे, हे एका आठवड्यात पटत नाही. शिवाय पोटात जंत असतील तर दिलेल्या अन्नातील वाटा तेच घेतात. म्हणून घरात आणल्याबरोबर पशुवैद्याकडून तपासणी करून घेणे अवश्य असते. या जातीच्या अंगावर चरबीचा थर फार पातळ आणि केस आखूड असतात. त्यामुळे दिल्लीच्या पौषातील थंडीत त्याला अन्नही थोडे अधिक लागते आणि अंगावर पांघरूणही लागते.

म्हणून दयेच्या भरात एकदम ताट भरून वाढणे हा उपाय नव्हे. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला अन्न हळूहळूच सोसते. दिवसाचा शिधा ठरवून घ्यावा, त्याचे दोन किंवा तीन भाग करावे आणि ठरल्या वेळी, ठरल्या जागी द्यावे. नवे अन्न सुरू करताना आठवडाभर जुन्यात थोडेथोडे मिसळून बदल करावा. भराभर गिळणाऱ्यापुढे अन्न पसरट भांड्यात पसरून ठेवावे. खोल छातीच्या कुत्र्यांच्या जठराला पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो प्राणावर बेततो. म्हणून जेवणाच्या आगेमागे त्याला धावू देऊ नये. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट ही त्याला विषासमान आहेत, हे घरातील मुलांनाही सांगून ठेवावे. शेवटच्या एकदोन फासळ्या आणि कंबरेची हाडे किंचित दिसणे हे ग्रेहाउंडच्या बाबतीत उपासाचे लक्षण नसून आरोग्याचे आहे. शेजारीपाजारी हळहळले तरी त्याला लठ्ठ करण्याच्या फंदात पडू नये. अधू पायांवर पडणारा प्रत्येक जादा किलो त्यालाच वाहावा लागतो.

असे काही आठवडे, कधी काही महिने जातात. वेळच्या वेळी भांडे समोर येते, कोणी ते हिसकावीत नाही, कोणी हाकलीत नाही. मग एखाद्या दिवशी तो कुत्रा भांड्यात चार घास उरवून बाजूला होतो आणि उन्हात जाऊन निजतो. पाळणाऱ्याला क्षणभर काळजी वाटते, याला बरे नाही की काय. पण बहुधा तसे काही नसते. उरलेले अन्न संध्याकाळीही आपलेच असेल, हे त्याला प्रथमच कळलेले असते. तरी अन्नावरची वासना दुसऱ्या दिवशीही उडालेलीच राहिली, तर मात्र वैद्याला दाखवावे.

खासा कुत्र्याला दोन शेर मिळत, कारण तो बादशहाचा होता. सामान्य ताजीला सव्वा शेर मिळे, कारण तो सावज धरीत असे. खंड्याला इनाम मिळाले, कारण त्याने छत्रपतींचा जीव वाचवला. इतिहासातील प्रत्येक शिधा असा कोणत्या ना कोणत्या कामाच्या मोबदल्यात तोलून दिलेला आहे. दिल्लीच्या दोन खोल्यांच्या घरात लंगडत आलेला ग्रेहाउंड मात्र आता कोणाचेही सावज धरणार नाही, कोणाची पैज जिंकून देणार नाही, आणि चोर आला तर बहुधा भुंकणारही नाही. त्याच्या भांड्यात पडणारा घास कसल्याही कामाचा मोबदला नाही. अबुल फजलच्या जंत्रीत या घासासाठी रकाना नव्हता. सरमेने जनमेजयाच्या मंडपात येऊन जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर त्या भरल्या दरबारात कोणाला देता आले नाही. ते आज एखादी गृहिणी रोज सकाळी, आकडेमोड न करता, ओट्यापाशी वाकून देत असते.